काचेतलं बाळ

“बाळाला काचेत ठेवलंय.” आपल्याकडे एवढं वाक्य पुरतं. ऐकणारी बाई क्षणभर गप्प होते आणि हळू आवाजात विचारते, “वजन किती?” डॉक्टरांची सुरुवातही तिथूनच होते. अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं, दीड किलोच्या खालचं फारच कमी वजनाचं, आणि एक किलोच्याही आतलं असेल तर त्याला उचलताना जाणत्या सिस्टरचाही हात जपून चालतो. किलोभराच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ८५-९० मिलिलिटर रक्त असतं, चहाच्या कपात मावेल एवढं. तपासणीसाठी घेतलेल्या प्रत्येक थेंबाचा हिशेब म्हणूनच ठेवावा लागतो.

दुसरा प्रश्न दिवसांचा. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर गर्भारपण चाळीस आठवड्यांचं. ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत आलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, म्हणजे दर दहांत एक. त्यांतली तीस लाखांच्या आसपास एकट्या भारतातली. सातव्यातलं वाचतं, आठव्यातलं वाचत नाही, असं जुनी माणसं सांगत आणि काही घरांत आजही सांगितलं जातं. ते खरं नाही. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूने उभा असतो, आणि आठव्यात आलेल्या बाळाचं पारडं सातव्यातल्यापेक्षा जडच असतं. शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत आईच्या पोटात जे काम चालतं ते खोळंबलं, तर ते बाहेर, दिव्यांच्या उजेडात, माणसांच्या हातांनी पुरं करायचं. नवजात शिशूंच्या विशेष कक्षात रात्रंदिवस हेच काम चालतं.

पहिलं काम उबेचं. आईच्या पोटात बाळाला थंडी माहीत नसते. बाहेर येताच ओल्या अंगावरचं पाणी उडू लागतं आणि अंग गार पडू लागतं. मोठ्या माणसासारखं कुडकुडून ऊब निर्माण करणं नवजात बाळाला जमत नाही. त्यासाठी निसर्गाने त्याच्या पाठीत, मानेशी एक खास तपकिरी चरबी ठेवलेली असते. पण तीही साठते ती शेवटच्या आठवड्यांत. लवकर आलेलं बाळ या शिदोरीशिवाय येतं. त्याचं तापमान ३६.५ अंश सेल्सियसच्या खाली घसरलं की अंगातली साखर आणि प्राणवायू ऊब राखण्यातच खर्ची पडतात आणि श्वासाला, वाढीला काही उरत नाही.

ही ऊब देणाऱ्या पेटीची कल्पना सुचली ती पॅरिसमध्ये, कोंबड्यांच्या पिल्लांवरून. स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञाने तिथल्या प्राणिसंग्रहालयात अंडी उबवण्याची यंत्रं पाहिली आणि तीच बनवणाऱ्या कारागिराकडून माणसाच्या बाळांसाठी पेटी करवून घेतली. १८८० साली ती पॅरिसच्या मातर्निते रुग्णालयात बसली. खाली गरम पाण्याचा साठा, वर बाळं, आणि पाहायला काच. दोन किलोच्या आतल्या बाळांतली ६६ टक्के पूर्वी दगावत. पेटी आल्यावर हे प्रमाण ३८ टक्क्यांवर आलं. नुसत्या उबेने झालेला हा फरक होता.

पुढचा अध्याय मन अस्वस्थ करणारा आहे. अमेरिकेत रुग्णालयांनी या पेट्यांकडे फारसं लक्ष दिलं नाही, तेव्हा मार्टिन कूनी नावाच्या माणसाने न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडच्या जत्रेत, पाळण्यांच्या आणि खेळांच्या शेजारी, जिवंत बाळांच्या पेट्या मांडल्या. लोक २५ सेंटचं तिकीट काढून बाळं बघायला येत. त्या पैशांतून दाया, परिचारिका आणि दूध यांचा खर्च भागे. आईवडिलांकडून कूनी काही घेत नसे. १९०३ पासून १९४३ पर्यंत हे चाललं. हजारो बाळं तिथून घरी गेली. ज्या बाळांना दवाखान्यात जागा नव्हती ती जत्रेत वाचली, हे आजही वाचताना लाज वाटावी असं आहे. पण ती वाचली, हेही तितकंच खरं.

आजची ‘काच’ बहुतेक ठिकाणी काचेची नसतेच. पेटी पारदर्शक प्लॅस्टिकची असते, आणि आपल्या जिल्हा रुग्णालयांत बाळ बहुधा उघड्या वॉर्मरवर असतं: वर तापणारी सळई, खाली छोटी गादी, पोटाला चिकटवलेला एक सेन्सर. बाळ गार पडलं की सळई जास्त तापते, ऊब पुरेशी झाली की मंदावते. तरी आपण म्हणतो ‘काचेत’. तो शब्द वस्तूचा राहिलेला नाही, दुराव्याचा झाला आहे.

ऊब मिळाली की प्रश्न श्वासाचा, आणि सगळ्यांत अवघड तोच. फुप्फुसात लाखो बारीक वायुकोश असतात आणि ते आतून ओलसर असतात. भाजीवाल्याकडची पातळ प्लॅस्टिकची पिशवी ओली झाली की तिच्या दोन बाजू एकमेकींना कशा चिकटून बसतात, तसेच हे वायुकोश श्वास सोडताना मिटून चिकटतात. ते चिकटू नयेत म्हणून फुप्फुसं साबणाच्या फेसासारखा एक निसरडा पदार्थ तयार करतात. त्याचं नाव सरफॅक्टंट. चोविसाव्या आठवड्याच्या सुमाराला तो बनू लागतो आणि पुरेसा होतो तो चौतीस-पस्तीस आठवड्यांना. त्याआधी आलेल्या बाळाला प्रत्येक श्वास जन्मानंतरच्या पहिल्या श्वासाइतका जड जातो. बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, आणि बाळ कण्हू लागतं. ते कण्हणं नुसतं दुखण्याचं नसतं. गळ्याचं दार अर्धवट मिटून, थोडी हवा आत कोंडून धरून वायुकोश उघडे ठेवण्याची ती बाळाची स्वतःची धडपड असते. किलोभराच्या जिवाला हे कुणी शिकवलेलं नसतं.

१९५९ साली बॉस्टनमध्ये मेरी एलेन ॲव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवून दिलं की या बाळांच्या फुप्फुसात हा निसरडा पदार्थच कमी असतो. पण कारण कळणं आणि उपाय हाती येणं यांत वीस वर्षं गेली. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला, साडेपाच आठवडे आधी, वजन सुमारे २.१ किलो. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखाचं ते मूल श्वासाच्या याच त्रासाने ३९ तासांत गेलं. आज तेवढ्या वजनाचं, तेवढ्या दिवसांचं बाळ आपल्या तालुक्यातून जिल्ह्याला वेळेवर पोचलं, तर ते घरी जाईल अशीच सगळ्यांची अपेक्षा असते. १९८० साली जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी गुरांच्या फुप्फुसातून काढलेलं सरफॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनळीतून आत सोडलं आणि त्यांचे श्वास सुटे झाले. आज हे औषध छोट्या कुपीत मिळतं. ते अजूनही महागच आहे.

मात्र प्रत्येक बाळाला ते लागत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१ साली, बाळ कण्हून जे साधू पाहतं तेच साधून दिलं: सतत हलक्या दाबाने हवा. याला सी-पॅप म्हणतात. त्याचा सर्वांत साधा प्रकार पाहण्यासारखा असतो. बाळाकडून आलेल्या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत पाच-सहा सेंटिमीटर बुडवलेलं असतं. पाणी जितकं खोल, दाब तितका. बाटलीत बुडबुडे उठत राहतात आणि सिस्टरचा एक कान कायम त्या बुडबुड्यांकडे असतो. आवाज थांबला की नळी कुठेतरी निसटली, हे ती न बघता ओळखते. आणखी एक नवल: ही बाळं मधूनच श्वास घ्यायचंच विसरतात. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं असतं. तळव्याला टिचकी मारली की पुन्हा श्वास सुरू होतो, पण दर वेळी टिचकी मारायला कोण असणार? त्यावरचं नेहमीचं औषध आहे कॅफीन, म्हणजे आपल्या चहा-कॉफीत असतं तेच, मापून दिलेलं.

या सगळ्याहून स्वस्त उपाय न्यूझीलंडमध्ये एका कोकरामुळे सापडला. ऑकलंडचे ग्रॅहॅम लिगिन्स मेंढ्यांमध्ये प्रसूती कशी सुरू होते याचा शोध घेत होते. गर्भातल्या कोकराला स्टेरॉइड दिल्यावर ते फार लवकर जन्मलं. त्या दिवसांचं कोकरू जगायला नको होतं, पण ते श्वास घेत होतं. औषधाने त्याची फुप्फुसं आधीच पिकवली होती. लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी २८२ मातांवर चाचणी केली आणि १९७२ साली निष्कर्ष छापला: वेळेआधी कळा सुरू झालेल्या आईला हे इंजेक्शन दिलं, तर बाळाला श्वासाचा त्रास कमी होतो आणि मृत्यूही कमी होतात. तरीही जगभरच्या डॉक्टरांनी ते अंगवळणी पाडायला वीस वर्षांहून अधिक काळ घेतला. दरम्यान किती बाळं गेली असतील हा हिशेब मांडवत नाही. आता दिवस भरायच्या आत कळा लागलेल्या बाईला योग्य रुग्णालयात वेळेवर नेणं याचा अर्धा अर्थ हाच आहे, की बाळ येण्याआधी ते इंजेक्शन तिच्या अंगात जावं.

पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, अशी आपली श्रद्धा. पाटावर कोरा कागद आणि लेखणी मांडून बायका रात्र जागवत. नवजात बाळांचे जे मृत्यू होतात त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या सात दिवसांतच होतात, हे पाहिलं की त्या जागरणामागचं भय किती खरं होतं ते कळतं. याच दिवसांत कावीळही वर येते. बाळाचं यकृत नवखं असतं, रक्तातलं पिवळं बिलिरुबिन त्याला निपटत नाही, आणि ते फार साचलं तर मेंदूत शिरून कायमची इजा करतं.

त्यावरचा निळा दिवा एका सिस्टरच्या नजरेमुळे मिळाला. इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हाच्या दिवसांत अंगणात नेत असत. १९५६ साली एके दिवशी त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. सगळं अंग उजळ, आणि एका त्रिकोणी तुकड्यापुरतीच कातडी पिवळीजर्द. तिथे चादरीचं टोक आलं होतं. ऊन लागलं नव्हतं. पुढे उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यातही बिलिरुबिन उतरलेलं आढळलं. रिचर्ड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी १९५८ साली यावर लेख लिहिला आणि दिव्यांचा पाळणा तयार झाला. निळा प्रकाश कातडीतल्या बिलिरुबिनची घडण बदलतो, मग ते यकृताच्या मदतीवाचूनही शी-शूवाटे बाहेर पडू शकतं. डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या उजेडात उघडंनागडं झोपलेलं बाळ पाहून आईच्या पोटात गोळा येतो, पण तो दिवा तिच्या बाळाचा मेंदू राखत असतो. इथे एक सांगायलाच हवं. वाढलेल्या काविळीवर घरी कोवळ्या उन्हात धरणं हा उपचार नाही. तळपायापर्यंत पिवळेपणा उतरला असेल तर बाळाला दवाखान्यात न्यावं.

आता दूध. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ बाळाला साधारण चौतीस आठवड्यांना जमतो. तोवर नाकातून किंवा तोंडातून पोटापर्यंत बारीक नळी, आणि तिच्यातून मोजके मिलिलिटर. मग वाटी-चमचा, बोंडलं, आणि शेवटी आईचं अंग. पहिल्या दिवसांतला घट्ट पिवळसर चीक काही घरांत पिळून टाकत. या बाळांना त्याचे चार थेंबही मोलाचे, कारण रोगाशी लढणारी द्रव्यं त्यात ठासून भरलेली असतात. वरचं दूध पडलं तर कच्च्या आतड्याला सूज येऊन त्याचा भाग मरू लागण्याचा धोका वाढतो. पण आई अत्यवस्थ असेल, किंवा धसक्याने तिला दूधच फुटत नसेल, तर?

याचं उत्तर आशियात पहिल्यांदा मुंबईने दिलं. धारावीला लागून असलेल्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातेच्या दुधाची पेढी उभी केली. ज्या बाईला बाळाचं भागून दूध उरतं तिने ते द्यायचं, तिच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी अशा आजारांसाठी तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, थंड करून गोठवलं जातं आणि नळीवरच्या बाळांना मिळतं. कुणाची कोण ती बाई, आणि कुणाचं कोण ते बाळ. मराठीत आपण ‘दूधभाऊ’ म्हणतो. या पेढीमुळे शीवच्या त्या कक्षात किती दूधभाऊ झाले असतील, एकमेकांना कधीही न भेटलेले.

या सगळ्या यंत्रांच्या इतिहासात आई मात्र दाराबाहेर राहिली होती. जंतू येतील म्हणून तिला बाकावर बसवलं गेलं. १९७८ साली कोलंबियाच्या बोगोता शहरात एदगार रेय सानाब्रिया यांच्या रुग्णालयात पेट्या कमी पडल्या. एकेका पेटीत दोन-दोन बाळं, आणि एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला. मग त्यांनी बाळाला नुसत्या लंगोटात आईच्या उघड्या छातीवर, उभं, बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारूच्या पिलासारखं. अडचणीपोटी केलेला तो उपाय पेटीपेक्षा उणा ठरला नाही. बाळाचं अंग उबदार राहतं, श्वास स्थिरावतो, आईला पान्हा फुटतो, आणि रुग्णालयातल्या जंतूंआधी आईच्या अंगावरचे निरुपद्रवी जंतू बाळाच्या अंगावर वस्ती करतात.

तरीही बरीच वर्षं नियम असा होता, की आधी बाळ यंत्रावर स्थिर होऊ दे, मग आईकडे. तो नियम मोडला तो दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांतल्या चाचणीने. एक ते १.८ किलोच्या ३,२११ बाळांपैकी निम्म्यांना जन्मल्यावर लगेच, अस्थिर असतानाच, आईच्या किंवा घरच्या दुसऱ्या बाईच्या छातीशी ठेवलं. २८ दिवसांत त्यांतली १२ टक्के दगावली. जुन्या पद्धतीतली १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. २०२१ साली निष्कर्ष आले आणि पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारस केली. म्हणजे आईची खाट बाळाच्या कक्षातच हवी. दाराबाहेरच्या बाकावरून आईला आत घेतलं, हा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा शोध वाटतो.

जिथे काचही नाही आणि दारही नाही तिथलं काय, याचं उत्तरही महाराष्ट्रातूनच गेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवलं. बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, न रडलेल्या बाळाला पिशवीने हवा देणं, उबदार झोळीत गुंडाळणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं. कामाच्या आधी तिथे हजारी ६२ नवजात बाळं दगावत. तिसऱ्या वर्षी तो आकडा २५ वर आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे छापलं. २०११ पासून देशभरच्या आशाताई घरोघरी नवजात बाळ बघायला जातात त्या याच वाटेने.

रुग्णालयांच्या बाजूने २००३ साली पश्चिम बंगालमधल्या पुरुलियाच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंचा असा विशेष कक्ष, म्हणजे एसएनसीयू, सुरू झाला आणि त्याच धर्तीवर पुढे देशभर जिल्ह्याजिल्ह्यात एसएनसीयू उभे राहिले. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं आणि प्रवास मोफत आहेत. पैसे नाहीत म्हणून बाळाला घरी नेऊ नका. पण अशाच कक्षात, भंडारा जिल्हा रुग्णालयात, ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली आणि दहा बाळं गेली. सात वाचवता आली. जिथे रुग्णाला रांगताही येत नाही तिथे विजेच्या तारा तपासणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो चुकला तर बाकी सगळं व्यर्थ.

बाळ वजन धरतं, नळ्या सुटतात, एके दिवशी ते घरी जातं. काम मात्र तिथे संपत नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत या बाळांना मोकळ्या हाताने प्राणवायू दिला जाई आणि वाचलेली बाळं आंधळी होत. जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेल्यावर कळलं की जादा प्राणवायूने कच्च्या दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात. मेलबर्नच्या केट कॅम्बेल यांनी १९५१ साली हा संशय मांडला. १९५० साली सहा आठवडे आधी जन्मलेला गायक स्टीव्ही वंडर हा त्या काळाचाच साक्षीदार. आता बाळाच्या पायाला लावलेला लाल दिव्याचा चिमटा प्राणवायू मोजत राहतो आणि तो ९० ते ९५ टक्क्यांत राखला जातो. तरीही डोळ्यांचा हा आजार पूर्ण टळत नाही. तो बाहेरून दिसत नाही. बाळ टुकूटुकू बघतंय असंच वाटतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून आत पाहिलं तरच कळतो, आणि वेळेत कळला तर लेझरने थांबवता येतो. बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं असेल, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत ही तपासणी झालीच पाहिजे, फार लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर ती तारीख लिहिलेली असते. नसेल तर मागून लिहून घ्या. बारसं पुढे गेलं तरी चालेल, ही तारीख चुकवू नका.